सर्व्हिस पडली की आपोआप उठते, पण ती पडली होती हे कळणार कोणाला?

रात्रपाळी_नागपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागच्या मंगळवारी पहाटे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

आमचं काम पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टचं. नागपूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या ११ लॅब तपासणीचे आकडे आमच्याकडे पाठवतात. आमची सर्व्हिस त्यांचा पीडीएफ बनवते आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर धाडते. वर्धा रोडवरच्या ऑफिसात तीन लिनक्स सर्व्हर, एक राउटर, दोन स्विच, एक यूपीएस. सांभाळणारा मी एकटा.

रिपोर्टची सर्व्हिस मधूनमधून पडते हे दीड वर्षापासून माहीत होतं. त्यावर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट टाकली होती: दर मिनिटाला पी-ग्रेपने (चालू प्रोसेस शोधणारी कमांड) बघायचं, प्रोसेस दिसली नाही तर सुरू करायची. मंगळवारी रात्री २:४० पासून सकाळी ७:१५ पर्यंत एकही रिपोर्ट निघाला नाही. प्रोसेस होती, पोर्ट उघडं होतं, पिंगला उत्तर येत होतं, काम मात्र ठप्प. एका लॅबच्या टेक्निशियन ताईंनी फोन केला तेव्हा मला कळलं. कॅज्युअल्टीत आलेल्या एका पेशंटचा पोटॅशियमचा आकडा त्यांनी रात्रीच डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला होता, म्हणून निभावलं. त्या जाग्या नसत्या तर?

मला तीन गोष्टी हव्यात. सर्व्हिस कोणी आणि कशी उठवावी, नजर ठेवणारी यंत्रणा कुठे बसवावी, आणि रात्री तीनला मला उठवणारा अलर्ट कसा पाठवावा. आधी केलेल्यांनी सांगा, प्लीज.

---

हिंगणा_रोड

पहिलं काम, ती क्रॉनची स्क्रिप्ट काढा. पी-ग्रेप फक्त प्रोसेस यादीत आहे का एवढंच सांगतं. लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टमडी आहेच, हे काम त्याचं आहे. सर्व्हिसच्या फाइलीत रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर लिहा. प्रोग्राम चुकीच्या कोडने बंद झाला, सिग्नलने मेला किंवा वेळेत सुरू झाला नाही, तर सिस्टमडी उठवेल. तुम्ही हाताने स्टॉप केलं तर उठवणार नाही, आणि प्रोग्राम शून्य कोड देऊन आपणहून निघून गेला तरीही नाही. हे शेवटचं तुम्हाला चालणार नसेल तर रीस्टार्ट=ऑलवेज वापरा.

एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. रीस्टार्टसेकचं (पुन्हा उठवण्याआधी किती थांबायचं) मूळ मूल्य १०० मिलिसेकंद. ते फार घाईचं, म्हणून सगळे ५ सेकंद करतात. पण सिस्टमडीची अडवणूक मुळात १० सेकंदांत ५ वेळा अशी आहे, तेवढ्या वेळा उठवून झालं की ते थांबतं. दर ५ सेकंदांनी उठवलं तर १० सेकंदांत पाच वेळा कधी होणारच नाही. म्हणजे कायमची बिघडलेली सर्व्हिस रात्रभर उठत-पडत राहील आणि सिस्टमडी कधीच हार मानणार नाही. म्हणून स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक ६०० आणि स्टार्टलिमिटबर्स्ट ५ करा. दोन्ही ओळी युनिट विभागात लिहायच्या, सर्व्हिस विभागात नाही.

---

वायरमन_काका

हिंगणा_रोड यांनी सांगितलेली अडवणूक नवी नाही. आमच्या काळी सिस्टमडीच्या जागी इनिट होतं, त्याच्या इनिटटॅब फाइलीत रिस्पॉन (पडलं की पुन्हा उठव) लिहायचो. तिथेही दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा पडलं की इनिट ओरडायचं, फार भराभर पडतंय, पाच मिनिटं बंद ठेवतो. १९८०च्या दशकात एरिक्सनमध्ये तयार झालेल्या एर्लांग या प्रोग्रामिंग भाषेत तर सुपरवायझर नावाचा सगळा विचारच यावर उभा आहे: पोरगं (हाताखालची प्रोसेस) पडलं तर उचला, ठरावीक वेळात फार वेळा पडलं तर स्वतः थांबा आणि वरच्याला सांगा.

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत बाळा. वरच्याला सांगा. तुझ्या स्क्रिप्टने दीड वर्ष सर्व्हिस उचलली आणि वरच्याला म्हणजे तुला एकदाही सांगितलं नाही. किती वेळा उचलली, काही नोंद आहे?

---

रात्रपाळी_नागपूर

नाही काका. स्क्रिप्टचं आउटपुट मी डेव्ह-नल मध्ये, म्हणजे कचऱ्यात, टाकलं होतं. क्रॉनचे मेल येऊन राहिले होते म्हणून.

---

सीताबर्डी_डेव्ह

मी थोडं वेगळं सांगते. आमच्याकडे सहा वर्षं रोज पहाटे ३ वाजता सगळं रीस्टार्ट होतं आणि काही अडलेलं नाही. छोट्या ऑफिसात एकटा माणूस असताना इतकी यंत्रणा उभी करायला वेळ कुठून आणायचा? पहाटेचा रीस्टार्ट लावा, झोपा.

---

हिंगणा_रोड

ताई, ठरलेला रीस्टार्ट वाईट नाही. "मेमरी गळते, दुरुस्ती होईपर्यंत रोज ३ला रीस्टार्ट" असं लिहून ठेवलं असेल तर तो प्रामाणिक उपाय आहे. पण धागाकर्त्याची सर्व्हिस २:४०ला अडकली. ती ३:१०ला अडकली असती तर दुसऱ्या दिवशी ३पर्यंत थांबायचं का? लॅबचं काम आहे हे.

आणि सिस्टमडीबद्दल एक राहिलं. ऑनफेल्युअर नावाची ओळ असते, सर्व्हिस फेल झाली की दुसरं युनिट चालवायची, म्हणजे तिथून मेसेज पाठवता येतो. लोकांना वाटतं प्रत्येक पडझडीला मेसेज येईल. तसं होत नाही. रीस्टार्ट लावलेलं असेल तर सर्व्हिस 'फेल्ड' अवस्थेत जातेच मुळी मर्यादा संपल्यावर. त्याआधीचे सगळे रीस्टार्ट गुपचूप होतात. ते बघायचे तर सिस्टमसीटीएल शो या कमांडमध्ये एन-रीस्टार्ट्स नावाचा आकडा असतो, तो मॉनिटरिंगमध्ये ओढा आणि वाढला की नोंद करा. क्रॉनची चूक सिस्टमडीत पुन्हा होऊ नये म्हणून हे सांगून राहिलो.

---

रविनगरची_मीरा

तुमच्या मंगळवारच्या घटनेवर अजून कोणीच बोललं नाही. ती प्रोसेस मेलीच नव्हती. अडकली होती. रीस्टार्ट=ऑलवेज लावलं असतं तरी रात्र तशीच गेली असती.

त्यासाठी वॉचडॉग आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर कारवाई करणारा पहारेकरी. सर्व्हिसचा टाइप नोटिफाय करा, वॉचडॉगसेक ६० द्या, आणि तुमच्या प्रोग्रामने दर ३० सेकंदांना सिस्टमडीला "मी आहे" असं कळवायचं. साठ सेकंद काही ऐकू आलं नाही तर सिस्टमडी त्याला अबॉर्ट सिग्नल देतं आणि पुन्हा उठवतं. अबॉर्ट असल्यामुळे कोअर डंपही (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मिळू शकतो, म्हणजे कुठे अडकला होता याचा पुरावा.

मात्र हे ठोके कुठून द्यायचे ते नीट ठरवा. माझ्या आधीच्या नोकरीत एकाने वेगळा थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा धागा) करून त्यातून ठोके दिले होते. काम करणारा थ्रेड बेशुद्ध आणि ठोके देणारा टुकटुकीत! दोन तास कोणाला पत्ता नाही. ठोका कामाच्या मुख्य लूपमधूनच गेला पाहिजे: एक रिपोर्ट झाला किंवा रांग रिकामी आहे हे तपासलं, की एक ठोका.

दुसरं, हेल्थ चेकमध्ये (सर्व्हिस ठीक आहे का ही तपासणी) डेटाबेस घालू नका, निदान रीस्टार्ट ज्यावर अवलंबून आहे त्या चेकमध्ये तरी नको. डेटाबेस बंद असताना अ‍ॅपला कितीही वेळा उठवलं तरी काय होणार? उलट डेटाबेस परत येतो तेव्हा सगळी अ‍ॅप एकदम त्याच्यावर तुटून पडतात. कुबर्नेटिसमध्ये (अनेक सर्व्हरवर कंटेनर, म्हणजे वेगळे बांधलेले प्रोग्राम, चालवणारी यंत्रणा) म्हणूनच लाइव्हनेस आणि रेडिनेस असे दोन वेगळे चेक आहेत. पहिल्यात नापास झालं तर कंटेनर मारून उठवतात, दुसऱ्यात नापास झालं तर फक्त त्याच्याकडे काम पाठवणं थांबवतात. पुन्हापुन्हा पडणाऱ्याला उठवताना तिथे १० सेकंद, २०, ४० असं थांबत थांबत पाच मिनिटांपर्यंत जातात. एकाच सर्व्हरवर असलो तरी विचार तोच ठेवा.

---

वायरमन_काका

मीराने वॉचडॉग काढला म्हणून एक खरी गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. ४ जुलै १९९७ला नासाचं मार्स पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला, पुन्हा पुन्हा. आत काय चाललं होतं? हवामानाच्या नोंदी घेणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसायचं. त्याच कुलपासाठी फार महत्त्वाचं, डेटा बस (यानाच्या भागांमध्ये माहिती नेणारी वाट) सांभाळणारं काम थांबलेलं. आणि मध्येच मधल्या दर्जाचं लांबलचक काम येऊन प्रोसेसर घ्यायचं, त्यामुळे कुलूप सुटायचंच नाही. वॉचडॉग बघायचा की बसचं काम वेळेत झालं नाही, आणि सगळं रीसेट करायचा.

आता बघ, त्या रीसेटनेच यान वाचवलं. पण इंजिनिअर तेवढ्यावर थांबले नाहीत. पृथ्वीवर तसंच दुसरं यंत्र घेऊन, नोंदी चालू ठेवून, तोच बिघाड पुन्हा घडवेपर्यंत चालवलं. मग प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा (कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वाट बघणाऱ्याचा दर्जा देण्याचा) एक पर्याय बंद होता तो चालू केला, तोही इथून मंगळावर पाठवून. रीसेटची नोंद नसती तर शोधायला सुरुवात कुठून केली असती?

म्हणून तुझ्या रीस्टार्टच्या आधी दहा सेकंद काढ. शेवटच्या २०० ओळींचा लॉग, मेमरीचा आकडा, उघडी कनेक्शनं, आणि प्रोग्राम जावाचा असेल तर जे-स्टॅक (कोणता थ्रेड कुठे थांबला आहे ते दाखवणारी कमांड). एका फोल्डरात तारखेसह टाक, मग उठव. मेलेल्या प्रोसेसचं पोस्टमॉर्टेम रीस्टार्टनंतर होत नाही.

---

बुटीबोरी_नेटवर्क

नेटवर्कच्या बाजूचं मी बोलतो, रोजचं काम तेच आहे.

बघण्याच्या पायऱ्या असतात. पिंग म्हणजे मशीन नेटवर्कवर आहे एवढंच. पोर्ट उघडं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमने दार उघडलं. वेब पानावर अपेक्षित शब्द मिळाला म्हणजे प्रोग्राम बोलतो. आणि खोट्या पेशंटच्या नावाने एक रिपोर्ट टाकला, तो ९० सेकंदांत पीडीएफ होऊन बाहेर आला, म्हणजे काम चालू आहे. तुमच्यासाठी ही चौथी पायरी लावा, दर पाच मिनिटांनी. तुमच्या लॅबच्या ताईंना जे दिसलं ते फक्त तिथूनच दिसतं.

आम्ही नजर ठेवायला नागिऑस वापरतो. त्यात चेक एकदा नापास झाला की 'सॉफ्ट' अवस्था, ठरवलेल्या वेळा सलग नापास झाला की 'हार्ड'. मेसेज हार्डला जातो. पण इव्हेंट हँडलर (अवस्था बदलली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) सॉफ्टलाही चालतो. म्हणून मर्यादा चार ठेवून तिसऱ्या सॉफ्ट नापासीला रीस्टार्टची स्क्रिप्ट लावता येते. उठली तर माणसाची झोप मोडत नाही, नाही उठली तर चौथ्याला फोन. झॅबिक्स आणि मॉनिट ही अशीच दुसरी साधनं. झॅबिक्समध्ये हेच अ‍ॅक्शनमध्ये होतं, मॉनिटमध्ये तर दोन ओळींत: पोर्टवर एचटीटीपी उत्तर नाही तर रीस्टार्ट, पाच फेऱ्यांत फार वेळा झालं तर नजर सोडून कळव.

मात्र एजंटला (सर्व्हरवर बसवलेला मॉनिटरिंगचा प्रोग्राम) सगळ्या सर्व्हरचा सूडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, देऊ नका. अमुक एकच सर्व्हिस रीस्टार्ट करायची एकच कमांड, पूर्ण पाथसकट, तेवढीच परवानगी. एनआरपीईचं (नागिऑसचा एजंट) ५६६६ पोर्ट फायरवॉलवर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरसाठी उघडं. उठवण्याची सोय म्हणून ठेवलेलं दार चोराला सापडू नये.

आणि नागिऑसमध्ये पेरेंट नक्की भरा. कोणतं मशीन कोणत्या स्विचच्या मागे, स्विच कोणत्या राउटरच्या मागे. आमच्या एका प्लँटमध्ये हे भरलेलं नव्हतं. एका स्विचचा अडॅप्टर जळला आणि माझ्या फोनवर साठच्या वर मेसेज. त्यात खरा कोणता हे शोधायलाच वीस मिनिटं. पेरेंट भरल्यावर तसाच प्रसंग आला तेव्हा एकच आला: स्विच डाऊन. मागची मशीन 'अनरीचेबल', तिथल्या सर्व्हिस उठवायला जायचं नाही.

---

धरमपेठ_४४००१०

यंत्रणा कुठे बसवायची या दुसऱ्या प्रश्नावर माझा अनुभव.

२३ सप्टेंबर २०२३. आमच्या नागपूरकरांना ती पहाट सांगायला नको. रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या तेव्हाच्या ऑफिसचे सर्व्हर तळघरात होते आणि मॉनिटरिंगचं मशीन त्याच रॅकमध्ये, सर्व्हरच्या खाली. पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी तेच गेलं. मग यूपीएस, मग बाकीचं. माझ्या फोनवर एकही अलर्ट नाही. सकाळी उठून बघितलं तर मेसेज नाहीत, म्हणून मी निवांत घरच्यांना मदत करत होतो. नऊ वाजता वॉचमन भाऊंचा फोन आला.

तेव्हापासून माझा नियम: आतल्या मॉनिटरिंगने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरला "मी जिवंत आहे" सांगायचं, आणि दहा मिनिटं काही आलं नाही तर त्या बाहेरच्याने मला फोन करायचा. प्रोमिथियस हे मॉनिटरिंग वापरणारे कायम वाजत राहणारा एक अलर्ट ठेवतात, तो थांबला की बाहेरून ओरड होते, तीच कल्पना. बाहेरचा सर्व्हर दुसऱ्या शहरात ठेवा.

---

सीताबर्डी_डेव्ह

हे वाचून मी आमचा पहाटेचा रीस्टार्ट तपासला. गेल्या महिन्यात दोनदा ३ वाजता सर्व्हिस उठलीच नव्हती, ३:०५च्या बॅकअपने ती अपघाताने उठवली. मला माहीतच नव्हतं. वरचं माझं "काही अडलेलं नाही" हे मागे घेते.

---

बुटीबोरी_नेटवर्क

ताई, बघितलंत हे फार चांगलं झालं. बॅकअपची वेळही बदला, नाहीतर तो पुन्हा झाकत राहील.

---

हिंगणा_रोड

रात्री उठवण्याबद्दल. टेलिग्रामचा बॉट फुकट आहे, पण ऑफिसचं इंटरनेटच गेलं तर आतून निघणार कसा? गेटवेवरून एसएमएस पाठवायचा तर डीएलटी नोंदणी (पाठवणाऱ्याची आणि मजकुराची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंद) लागते, ट्रायच्या २०१८च्या नियमांपासून. हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट दोन्ही मंजूर हवेत आणि पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर तो वाटेतच गळतो. आमचे अलर्ट दोन दिवस असेच गायब होते, कारण मी मजकुरात एक शब्द बदलला होता. म्हणून टेम्प्लेटमध्ये बदलत्या जागा आधीच ठेवा: सर्व्हर, सर्व्हिस, वेळ, स्थिती.

मी यूएसबी जीएसएम मोडेममध्ये साधं सिम घालून ठेवलं आहे, ते इंटरनेटवर अवलंबून नाही. रात्रीसाठी मेसेजपेक्षा कॉल. तो एक नंबर फोनच्या डू नॉट डिस्टर्बमधून वगळा. आणि दर सोमवारी दुपारी एक चाचणी अलर्ट सोडा, सिमचा रिचार्ज संपलेला तेव्हाच कळतो.

---

वायरमन_काका

मे महिन्याचंही लक्षात ठेव. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, एसी ट्रिप होतो, बंद खोलीतले सर्व्हर तापून आधी मंदावतात, मग स्वतः बंद पडतात. त्या वेळी सर्व्हिस रीस्टार्ट मारून उपयोग नाही, उलट भार वाढतो. खोलीत तापमानाचा सेन्सर लाव, यूपीएस एसएनएमपीवर (नेटवर्कवरून उपकरणाची स्थिती विचारायची पद्धत) घे. खोली तापली असेल तर रीस्टार्ट बंद, थेट फोन.

---

रात्रपाळी_नागपूर

मंडळी, बारा दिवसांनी लिहून राहिलो. सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार ऑफिसातच होतो, चौकातल्या तर्री पोह्यांवर दिवस काढले.

क्रॉन काढली, सिस्टमडी लावलं, मर्यादा ६०० सेकंदांत ५. मुख्य लूपमधून वॉचडॉगचे ठोके. दर पाच मिनिटांनी खोट्या पेशंटचा रिपोर्ट. दुसऱ्या शहरात एक छोटा सर्व्हर घेतला, त्याला आतून ठोके जातात.

पहिल्या चार रात्रींत एन-रीस्टार्ट्सचा आकडा ९. सगळे रात्री १ ते ४ वाजण्याच्या मध्ये. आणि प्रत्येक वेळी सिस्टमडीने कारण लिहिलेलं: ओओएम-किल. म्हणजे मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) माझ्या सर्व्हिसमधला एक वर्कर, म्हणजे काम करणारी उपप्रोसेस, मारत होता. आमचा प्रोग्राम पायथनचा, त्यात मल्टिप्रोसेसिंगचा पूल, म्हणजे वर्करचा गट. वर्कर असा बाहेरून मारला गेला की पूल नवा वर्कर आणतो, पण मेलेल्याच्या हातातलं काम हरवतं आणि मुख्य प्रोसेस त्याच्या उत्तराची कायम वाट बघत बसते. मंगळवारी हेच झालं होतं. पी-ग्रेपला मुख्य प्रोसेस दिसत होती, ती खरंच होती.

मेमरी का संपत होती तेही काकांच्या फोल्डरमुळे सापडलं. नऊच्या नऊ वेळा लॉगची शेवटची ओळ एकाच लॅबची. ते लोक रात्री दिवसभराचे जुने कागदी रिपोर्ट स्कॅन करून एकगठ्ठा चढवतात, आणि आमचा कोड सगळी पानं एकदम मेमरीत घेतो. त्यांची काहीच चूक नाही. आता एकेक पान घेतो, वर्करच्या उत्तराला १२० सेकंदांची मुदत आहे. गेल्या सहा रात्री आकडा शून्य.

त्या टेक्निशियन ताईंना काल फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, यापुढे अडलं तर मी आधी तुम्हालाच करीन, रात्र असली तरी. नंबर त्यांच्याकडे आहे.

---

रविनगरची_मीरा

फार छान! अलर्टचा मजकूर काय ठेवलात? आमच्याकडे नुसतं "क्रिटिकल" येतं, झोपेतून उठून काय करायचं तेच कळत नाही.

---

रात्रपाळी_नागपूर

हा बघा, डीएलटीला मंजूर झालेला:

"रिपोर्ट सर्व्हिस, सर्व्हर २. चाचणी रिपोर्ट ०२:४० पासून निघालेला नाही. रीस्टार्ट ५ वेळा करून झाला, उपयोग नाही. खोली २७ अंश, यूपीएस ठीक. आधी डिस्क आणि मेमरी बघा. लॅबना कळवायची यादी टेबलाच्या डाव्या खणात."

आकडे बदलते आहेत, बाकी तसंच.